थंडीचा अंमल

जानेवारीतल्या एका सकाळी मालोजी खलाट्यांना लोडिंग रिक्षाच्या मागच्या उघड्या हौद्यात बसवून घरी पाठवण्यात आलं. पाठवणारा अर्पित त्यांच्या निम्म्या वयाचा होता, पण तो सुपरवायझर असल्यामुळे साइटवर त्याचा शब्द चालायचा. रिक्षावाल्या मारुतीला त्यानं सांगितलं, "भिया, सांभाळून ने. काकाजींनी आज सुबह-सुबहच लावली आहे."

आजूबाजूची माणसं हसली नाहीत, पण कुणी नाहीही म्हटलं नाही. मालोजी पूर्वी प्यायचे, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मालोजी पाण्याच्या मोठ्या लाइनीवरचे फिटर. पणजोबा होळकरांच्या फौजेत घोडेस्वार होते, आजोबा संस्थानच्या कचेरीत. वडील नळखात्यात लागले आणि मालोजी एका ठेकेदाराकडे. रस्त्याखालून जाणारा जाड पाइप कुठे फुटला, की खड्डा खणायचा, पंप लावून पाणी उपसायचं आणि कुणीतरी आत उतरून फुटलेल्या जागी लोखंडी पट्टा कसायचा. हे कुणीतरी बहुतेक वेळा मालोजीच असत. साठीला आलेला, काटकुळा माणूस. अरुंद खड्ड्यात तेच सहज मावत.

दारू त्यांनी मुलीच्या साखरपुड्यानंतर सोडली होती. त्या दिवशी ते झिंगून आले, व्याही उठून निघाले, आणि रुचीचं लग्न मोडता मोडता राहिलं. पाहुण्यांची समजूत काढून आनंदीबाई बाहेर आल्या तेव्हा नवरा ओट्यावर बसून स्वतःशीच काहीतरी पुटपुटत होता. त्यानंतर मालोजींनी थेंबाला हात लावला नाही. रुची आता देपालपूरला सासरी सुखात होती. पण आनंदीबाईंना एक सवय जडली ती जडलीच. नवरा कामावरून आला, की पाण्याचा ग्लास देताना त्या जरा जास्त जवळ जात आणि हळूच श्वास ओढून घेत. नवऱ्याच्या हे लक्षात येत नाही, असं त्यांना वाटायचं.

त्या आठवड्यात इंदुरात थंडीची लाट होती. दुपारपर्यंत धुकं हटत नव्हतं आणि वारा अंगातून आरपार जात होता. राजेंद्र नगरच्या बाजूला मुख्य लाइन फुटली आणि अर्ध्या कॉलन्यांचे नळ कोरडे पडले. गँग पहाटेच कामाला लागली. पंप थोडा वेळ चालला आणि बंद पडला. दुसरा येईपर्यंत थांबायला हवं होतं, पण अर्पितच्या फोनवर इंजिनिअरसाहेबांचा आवाज सारखा चढत होता. मालोजी काही न खाताच आले होते. म्हणाले, "उतरतो मी. किती वेळ लागणार आहे?"

लागला बराच वेळ. पाणी कमरेपर्यंत होतं आणि फुटलेल्या जागेतून फवारा छातीवर येत होता. सुरुवातीला मालोजी इतके कापत होते, की वरून गँगमधल्या हरीनं विचारलं, "काकाजी, निकलते क्या?" त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. नंतर ते कापायचे थांबले. वरच्यांना वाटलं, सवय झाली. मग त्यांच्या हातून पाना पाण्यात पडला. तो काढला तर पुन्हा पडला. अर्पितनं वरून विचारलं, "काकाजी, किती बोल्ट राहिले?" तेव्हा ते म्हणाले, "येतील, येतील, जेवून येतील." शिडी चढताना पाय पायरीवर पडेना. वर आले आणि गुडघ्यांवर बसले.

अर्पितचा मामा दारूनं गेला होता. अडखळणारे पाय, जड जीभ आणि जागेवर नसलेली नजर, हे सगळं त्यानं लहानपणापासून पाहिलं होतं. त्यानं मालोजींच्या जवळ जाऊन खात्री करून घेतली नाही. त्याला गरज वाटली नाही. पट्टा कसायला हरी खाली उतरला आणि मालोजींना ओल्या कपड्यांनिशी उघड्या गाडीत बसवण्यात आलं. राजेंद्र नगर ते अन्नपूर्णा अंतर फार नाही, पण वारा समोरून होता.

खलाट्यांचं घर अन्नपूर्णा मंदिरामागच्या गल्लीत. मारुतीनं मालोजींना दंडाला धरून उतरवलं, दारापर्यंत आणलं आणि खाली बघत म्हणाला, "काकीजी, वो अर्पित भिया बोले, आज थोडी जादा हो गई." आणि तो निघून गेला.

आनंदीबाईंनी नवऱ्याच्या तोंडाजवळ तोंड नेलं. वास आला नाही. चिखलाचा आणि ओल्या लोकरीचा तेवढा आला. पण मालोजी पूर्वी वेलदोडे चघळून यायचे, तेव्हाही वास येत नसे. समोरच्या घराच्या खिडकीत अमिता उभी होती. आनंदीबाईंनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "बसा इथेच. घरात पाऊल टाकायचं नाही." मालोजी ओट्यावर बसले. आनंदीबाई आत गेल्या आणि विनाकारण भांडी घासायला लागल्या.

वरच्या खोलीत इरावती मेहेंदळे भाड्यानं राहत होती. ती दापोलीची. डॉक्टर झाल्यावर राजेंद्र नगरातल्या एका क्लिनिकमध्ये नोकरी मिळाली म्हणून पावसाळ्यात इंदुरात आलेली. हा तिचा इथला पहिला हिवाळा. दोन स्वेटर, त्यावर शाल, अशा थाटात ती जिना उतरली तेव्हा तिला मालोजी दिसले. भिंतीला टेकून बसले होते, पँटच्या टोकांतून पाणी ओघळत होतं आणि ते गळ्यातला मफलर सोडवायला बघत होते. बोटं मफलरला लागत होती, पण त्यांना तो धरता येत नव्हता.

"काका, काय झालं?"

मालोजींनी सावकाश मान वर केली. "गर्मी," ते म्हणाले. तोंडात घास असल्यासारखा शब्द बाहेर आला.

आनंदीबाई दारात आल्या. "तुम्ही जा, डॉक्टर. तुम्हाला लेट होईल. आमचं आम्ही बघू."

"पडले का कुठे?"

"पडले नाही. पिऊन आले." हे त्यांनी अगदी हळू म्हटलं. "इतक्या वर्षांनी. साइटवरून माणूस सोडून गेला."

इरावतीला अवघडल्यासारखं झालं. घरमालकांच्या घरातली गोष्ट, त्यात भाडेकरूनं पडू नये असं तिला वाटलं. ती फाटकापर्यंत गेलीसुद्धा. फाटकाची कडी इतकी गार होती, की तिचा हात झटकन मागे आला आणि ती शहारली. मग तिनं वळून पाहिलं. दोन स्वेटर घालून आपण कापतोय, आणि ओल्या कपड्यांतला हा माणूस मुळीच कापत नाही.

ती परत आली. मालोजींच्या शर्टाखालून तिनं पोटाला हात लावला. हातपाय गार पडलेली माणसं तिनं खूप पाहिली होती, पण जिवंत माणसाचं पोट इतकं गार असलेलं कधीच नाही.

"काका, तुमचं नाव सांगा."

"ते... आतमध्ये आहे."

"दोन्ही हात वर करा बरं."

हात वर गेले. उशिरा, पण दोन्ही सारखेच. चेहराही वाकडा नव्हता, म्हणजे लकव्याचा झटका नव्हता. पिशवीतलं ग्लुकोमीटर काढून तिनं साखर पाहिली. बोटातून रक्त येईना, दोनदा टोचावं लागलं. पण साखर ठीक होती. थर्मामीटर काखेत धरलं, तर त्यावर आकडाच आला नाही, नुसतं 'लो' आलं. म्हणजे मोजता येईल त्याच्याही खाली.

"काकू, हे प्यालेले नाहीत."

"मग?"

"थंडी बाधली आहे. वरवरची नाही, आतपर्यंत. अंगाचं तापमानच उतरलंय."

"ठंडमध्ये माणूस असं बोबडं बोलतो?"

"बोलतो. डोकंसुद्धा गारठतं. तोल जातो, जीभ जड होते, उलट गरम वाटायला लागतं, काहीतरीच बोलायला लागतो. आपण एकशे आठला फोन करू. आणि काकू, यांना चालवायचं नाही. उचलून आत घेऊ."

इरावतीनं हे जितक्या खात्रीनं सांगितलं तितकी खात्री तिला नव्हती. तिनं हे फक्त वाचलं होतं, तेही परीक्षेला येत नाही म्हणून सगळे गाळतात अशा एका प्रकरणात. बर्फ, डोंगर, सैनिक, असं त्यात काय काय होतं. इंदूर नव्हतं.

आनंदीबाईंनी एव्हाना नवऱ्याचा हात हातात घेतला होता. काही वेळ त्या नुसत्या तो धरून उभ्या राहिल्या. मग ओरडल्या, "अमिता! अगं ये इकडे, पळत ये!"

सतरंजीवर आडवं करून तिघींनी मालोजींना आत नेलं. इरावती सारखी बजावत होती, "हळू. धक्का नको. यांचं हृदय आत्ता फार नाजूक आहे." ओले कपडे ओढून काढायचे नाहीत, कापायचे, असं ती म्हणाली. "स्वेटर कापायचा?" आनंदीबाईंनी विचारलं. तो त्यांनीच विणलेला होता. मग कात्री त्यांनी स्वतःच घेतली आणि पुढून एका दमात कापला. अंग कोरडं करून मालोजींना गादीवर घेतलं, खाली घोंगडी, वर दोन रजया, डोक्याला लोकरीची टोपी.

अमिता पळत जाऊन घरून पेटलेली शेगडी आणि ओवा घालून गरम केलेलं मोहरीचं तेल घेऊन आली. "पायांना चोळते मी. आणि ताई, हमारे यहाँ ब्रँडी पडली आहे, दो चम्मच दिली की लगेच..."

"नाही," इरावती म्हणाली. "ब्रँडी नाही आणि चोळायचं पण नाही. दारूनं कातडीकडे रक्त धावतं आणि आतली उरलीसुरली ऊब निघून जाते. हातपाय चोळले तर तिथलं गार रक्त एकदम हृदयाकडे येईल. शेगडी तिकडे कोपऱ्यात ठेवा, खोली गरम होऊ दे, पण खिडकी थोडी उघडी राहू दे. आणि रिकाम्या बाटल्या आहेत का? कोल्ड्रिंकच्या?"

बाटल्यांत गरम पाणी भरलं. टॉवेलात गुंडाळून दोन काखांत ठेवल्या, दोन छातीच्या बाजूंना.

"पायांना?" आनंदीबाई म्हणाल्या. "पाय बघा तरी कसे झालेत."

पाय पांढरेफटक होते, भिजत घातलेल्या साबुदाण्यासारखे फुगलेले, तळव्यांना सुरकुत्या. इरावतीनं अंगठा नखानं दाबला. मालोजींना पत्ताही लागला नाही.

"पायांना आत्ता काही नाही. फक्त कोरडे करा आणि सैल कापडात ठेवा. आधी छाती, मग पाय."

"चहा देऊ? साखर घालून?"

"नीट गिळता यायला लागल्यावर. आत्ता दिला तर ठसका लागेल."

मग करण्यासारखं काही उरलं नाही. रुग्णवाहिका यायची होती. तिघी गादीभोवती बसून राहिल्या. थोड्या वेळानं मालोजींचा जबडा थरथरला, मग खांदे, आणि मग ते रजयांखाली गदगदा कापायला लागले. अमिता घाबरली. "अब क्या हुआ?"

"चांगलं झालं, अंग परत ऊब धरायला लागलं," इरावती म्हणाली, आणि घरात शिरल्यापासून ती पहिल्यांदा नीट टेकून बसली.

इस्पितळात ड्यूटीवर सुशांत नावाचा तरुण डॉक्टर होता, नागपूरकडचा. इरावतीनं सांगितलं ते त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, हायपोथर्मिया? इंदुरात? इथे कुठे बर्फ पडून राहिला?"

"बर्फ लागत नाही. ओले कपडे आणि वारा पुरतो. तुमच्याकडे खालपर्यंत मोजणारं थर्मामीटर आहे ना? मोजा."

सुशांतनं मोजलं. एकतीस अंश आलं, असायला हवं सदतीस. त्यानं पुन्हा मोजलं. मग ईसीजीच्या कागदावर अंग असं गारठल्यावर येणारा छोटा उंचवटा त्यानं इरावतीला बोटानं दाखवला. "हा मी फक्त चित्रात पाहिला होता," तो म्हणाला. आणि तो कामाला लागला. कोमट केलेलं सलाइन, गरम हवेचं पांघरूण, आणि पाय उघडे, उंचावर. दुपारपर्यंत मालोजी आपलं नाव सांगायला लागले. संध्याकाळी त्यांनी विचारलं, "पट्टा बसला का?"

दुसऱ्या दिवशी पाय पेटले. कालपर्यंत पांढरे आणि बधिर होते, ते लालबुंद झाले, सुजले आणि आतून आग आग करायला लागले. चादरीचं टोक लागलेलं सहन होईना. सुशांत म्हणाला, रक्त परत आलंय, पण नसांना इजा झाली आहे. सूज उतरेल, आग कमी व्हायला बरेच दिवस जातील, आणि यापुढे थंडी या पायांना इतरांपेक्षा जास्त लागेल. मालोजी ऐकत होते. दुखणं त्यांना नवीन नव्हतं. साइटवर काय झालं हे त्यांना तुटक तुटक आठवत होतं. घरी काय झालं, ते मात्र आठवत होतं.

आनंदीबाई मोसंबी सोलत बसल्या होत्या. मालोजी छताकडे बघत म्हणाले, "तू वास घेतला."

आनंदीबाईंचा हात थांबला. "आला नाही वास."

"मग?"

"मला वाटलं, इलायची खाल्ली असेल."

मालोजींनी मान बायकोकडे वळवली. मग म्हणाले, "तू रोज घेते. मला माहीत आहे. रोजचं चालतं, मला त्याचं काही नाही. रोज काही निघत नाही, तुला बरं वाटतं, मला पण बरं वाटतं. काल पण काही निघालं नव्हतं ना? तरी तू मला बाहेर बसवलं."

"हो. बसवलं." आनंदीबाईंनी मोसंबी खाली ठेवली. "रुचीच्या साखरपुड्याला तुम्ही तिथेच बसला होता, ओट्यावर. असेच. मला तोच दिवस दिसला. मी तुमच्याकडे बघितलंच नाही."

 मालोजींनी मोसंबीची फोड घेतली नाही. पण परिचारिका पायांखालचा आधार नीट करायला आली आणि त्यांना कळ आली, तेव्हा त्यांनी बायकोचं मनगट धरलं आणि परिचारिका गेल्यावरही सोडलं नाही.

मालोजींना घरी आणल्यावर अर्पित भेटायला आला. फळांची पिशवी त्यानं आधी खुर्चीवर ठेवली, मग उचलून टेबलावर ठेवली. इरावतीही तिथेच होती. पायांच्या बोटांमधली कातडी कुठे काळी तर पडत नाही ना, हे ती रोज बघून जायची.

"काकाजी, सॉरी," अर्पित म्हणाला. "मला खरंच आयडिया नव्हती, की ठंडमध्ये असं होतं. मला वाटलं..."

"मला नको सांगू," मालोजी म्हणाले. "जिथे बोलला तिथे सांग."

"साइटवर?"

"हओ."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोरच बोलला होता ना?"

 इरावती म्हणाली, "मीही येते साइटवर. मला सगळ्यांचे पाय बघायचे आहेत."

अर्पितला विषय बदलल्याचं बरं वाटलं, पण हा विषयही त्याला परवडणारा नव्हता. "मॅडम, लाइन फुटली की शहराला पाणी पाहिजे. इंजिनिअर माझ्या डोक्यावर बसलेला असतो. मी काय लोकांचे मोजे बघत बसू?"

"त्या दिवशी मालोजीकाका गाडीतच दगावले असते तर किती दिवस काम बंद राहिलं असतं?"

आतून आनंदीबाई म्हणाल्या, "काम तर चाललंच असतं, डॉक्टर. यांची जागा कुणी दुसऱ्यानं घेतली असती." हे त्यांनी रागानं म्हटलं नव्हतं. अर्पितनं मान खाली घातली आणि इरावतीला म्हणाला, "सोमवारी या."

सोमवारी खोदकाम केसरबागेच्या बाजूला चाललं होतं. चहाच्या सुटीत अर्पितनं सगळ्यांना गाडीजवळ बोलावलं. मालोजींना चालता येत नव्हतं. मारुतीनं त्यांना रिक्षात आपल्याशेजारी, पुढे बसवून आणलं होतं. ते तिथूनच बघत होते.

"सुनो रे," अर्पित म्हणाला. त्याचा आवाज नेहमीसारखा खणखणीत नव्हता. "उस दिन मी बोललो होतो, काकाजी पिऊन आलेत. ते पिऊन नव्हते आले. त्यांना ठंड लागली होती. मला समजलं नाही. आणि ओल्या कपड्यांत खुल्या गाडीत मीच त्यांना पाठवलं, त्यानं आणखी बिघडलं. एवढंच."

 मारुती म्हणाला, "मैंने भी यही समझा. घर पे जाके बोला भी." मालोजींनी हात हलवला, राहू दे अशा अर्थानं, की झालं एकदाचं अशा अर्थानं, ते कुणाला कळलं नाही.

मग इरावती बोलली. तिनं हिंदीतच सांगितलं, साधं. माणूस आधी कापतो. तेव्हाच त्याला वर काढा, कोरडे कपडे द्या, गोड चहा द्या, पोटात काही जाऊ द्या. कापायचा थांबला आणि बरा झालेला दिसला नाही, तर समजा धोका वाढला. वस्तू हातातून पडतात, पाय अडखळतात, प्रश्नाला भलतंच उत्तर येतं. "अशा वेळी प्यालेला आहे की गारठलेला, हे तुम्हाला बघून कळणार नाही. मलाही पटकन कळलं नव्हतं. म्हणून गारठलेलाच समजायचा. आणि खरंच प्यालेला असेल, तर तो जास्त लवकर गारठतो. त्याला तर मुळीच एकटं सोडायचं नाही."

"मॅडम, आपण तर शेकोटी करतो," एक जण म्हणाला.

"करा. अंग शेका. पण पाय बधिर असतील तर आगीजवळ नेऊ नका."

हे ऐकून हरीनं हसल्यासारखं केलं आणि नजर चुकवली. इरावतीनं सगळ्यांना बूट काढायला लावले तेव्हा तो काढेना. मालोजींनंतर खड्ड्यात हाच उतरला होता आणि काम संपेपर्यंत हाच आत होता. शेवटी अर्पित म्हणाला, "काढ रे." मोजा टाचेला चिकटलेला होता. पाणी ओतून सोडवावा लागला. टाच भाजून सोलवटली होती आणि कडेनं पिवळी पडली होती.

"हे कधी झालं?"

"उसी दिन," हरी म्हणाला. "पाय लकडी झाले होते. शेकोटीच्या अलावावर धरून बसलो. काहीतरी जळल्याचा वास आला. मला वाटलं, कुणाची चप्पल जळून राहिली."

"आणि कुणाला बोलला नाहीस?"

"दुखत नव्हतं ना, मॅडम. अब दुखता है."

इरावतीनं त्याला त्याच गाडीतून क्लिनिकला नेलं. जखम भरायला वेळ लागला. टाचेच्या मागच्या भागाला स्पर्श कळणं काही पूर्ण परत आलं नाही.

अर्पितनं ठेकेदाराकडे मागण्या केल्या. काही मिळालं, काही नाही. जादा पंप आला. गाडीत कोरड्या कपड्यांची पेटी आली. गमबूट आले, पण सगळे एकाच मापाचे, आणि कमरेएवढ्या पाण्यात त्यांचा तसाही उपयोग नव्हता. म्हणून त्यानं स्वतःच नियम केला, की पंप चालू नसेल तर कुणी आत उतरणार नाही, आणि उतरलेला माणूस थोड्या थोड्या वेळानं बदलायचा. पहिल्यांदा हा नियम पाळला तेव्हा इंजिनिअरसाहेब फोनवर फार ओरडले. अर्पितनं फोन कानापासून लांब धरला आणि आवाज थांबल्यावर म्हणाला, "सर, पंप आत्ता येऊन राहिला. मग उतरतील."

मालोजींचे पाय होळीपर्यंत रात्रीचे जळत राहिले. बंद बूट त्यांना घालता येईनात. उन्हाळ्यात ते जरा विसरल्यासारखे झाले, पण पुढच्या डिसेंबरात पहिलं धुकं पडलं आणि बोटं पुन्हा निळसर होऊन ठणकायला लागली. खड्ड्यात उतरायचं नाही, असं इरावतीनं बजावलं होतं. अर्पितनं त्यांना वरच्या कामाला घेतलं. खड्ड्याच्या काठाला प्लास्टिकची खुर्ची, पायांत दोन दोन लोकरी मोजे, खाली पुठ्ठा. आत उतरलेल्या माणसाला बोलतं ठेवायचं, हे त्यांचं काम. हे काम त्यांना आवडलं, असं काही नाही. पहिल्या दिवशी ते घरी येऊन म्हणाले, "बसून राहायचे पैसे देतात मला." आनंदीबाई म्हणाल्या, "देऊ दे."

पण करायला लागले की मालोजी काम नेटानं करत. त्या आठवड्यात हरी पाण्यात उभा राहून बोल्ट कसत होता आणि ते वरून एकामागून एक विचारत होते. काल काय जेवला, मोठ्या मुलाची शाळा कुठली, सराफ्याच्या खाऊगल्लीत गेल्या वेळी काय खाल्लं.

"काकाजी, कितनी बार पूछोगे?" हरी वैतागून म्हणाला. "भुट्टे का कीस खाल्ला. सांगितलं ना मघाशी."

"पुन्हा सांग," मालोजी म्हणाले. "आणि हात वर करून दाखव."